मुक्या सोबत्याचे भाडे

मुंबईच्या उपनगरांत भाड्याचे घर शोधणाऱ्यास दलाल पूर्वी दोन प्रश्न विचारीत : माणसे किती, आणि अनामत किती देणार? आता तिसऱ्याची भर पडली आहे : घरात कुत्रे-मांजर आहे काय? उत्तर होकारार्थी आले, की पहिल्या दोन उत्तरांना किंमत उरत नाही. पार्ल्यातील परिचयाच्या एका कारकुनास गतवर्षी हाच अनुभव आला. भाडे देण्याची ऐपत होती, आधीच्या मालकाची तक्रार नव्हती. परंतु म्हाताऱ्या कुत्रीमुळे बहुतेक ठिकाणी बोलणे जिन्यातच संपले.

हा हळव्या प्राणिप्रेमाचा प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी होती. एकीकडे कुलूपबंद घरे आणि दुसरीकडे भाडे हातात घेऊन वणवण करणारे कुटुंब, ही विसंगती बाजारातील दोषाचीच खूण होय.

येथे दोन नकार वेगळे केले पाहिजेत. पहिला गृहनिर्माण संस्थेचा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले, की सभासदांच्या बहुमतानेही संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. दुसरा नकार मालकाचा. आपले घर कोणास द्यावे, हे तो ठरवितो. तेथे हे मार्गदर्शन तोकडे पडते. म्हणजे, जो घरात आहे त्याला थोडे संरक्षण आहे, उंबऱ्याबाहेर उभा असलेल्यास नाही. शिवाय करार बहुधा अकरा महिन्यांचा. त्यामुळे त्याला वरचेवर उंबऱ्याबाहेर यावेच लागते.

मालकाची भीती मात्र सर्वस्वी खोटी नाही. ओरखडलेली दारे, दुर्गंधी, शेजाऱ्यांच्या तक्रारी यांचा खर्च आधी मोजता येत नाही. आणि जी जोखीम मोजता येत नाही, ती माणूस नाकारतो. याची साक्ष भाडे-कायद्याच्या इतिहासात आहे. १९७३ साली तत्कालीन परवानाधारकांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, आणि घर परत मिळेल की नाही या धास्तीने अनेकांनी घरे रिकामी ठेवणेच पसंत केले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यावर दुप्पट शुल्काची जबाबदारी आहे. जोखमीला लेखी मर्यादा घातली, तर व्यवहार शक्य होतो.

तोच मार्ग येथेही अवलंबावा. या कायद्यान्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहेच. त्यात प्राण्यासंबंधी एक कलम घालावे : वेगळी, परत मिळणारी माफक अनामत, लसीकरणाची नोंद, कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना, घर सोडताना साफसफाई व दुरुस्तीची हमी. प्राणी पाळणाऱ्यानेही जिना घाण करणे हा आपला हक्क समजू नये. शेजाऱ्याच्या झोपेलाही मोल आहे.

अन्यथा उरते ते लपवाछपवी, नाहीतर प्राण्याला रस्त्यावर सोडणे. मालकाने टाळलेली जोखीम मग नाहीशी होत नाही. ती रस्त्यावर येते, आणि तिच्या निर्बीजीकरणाचा व लसीकरणाचा खर्च साऱ्या शहरास भरावा लागतो. आमच्या त्या कारकुनाने अखेर कुत्रीला गावी धाडले आणि घर मिळविले. करारात एक कलम असते, तर हा व्यवहार तिघांच्याही सोयीने झाला नसता काय?