विहिरीला कुलूप लावणाऱ्यांना आमचा सवाल

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील वाड्यांवरून गेली काही वर्षे एकाच प्रकारची गाऱ्हाणी आमच्या कानांवर येत आहेत. तीन पिढ्या ज्या विहिरीचे पाणी मुंडकाराने काढले, तिच्यावर एके दिवशी लोखंडी जाळी बसते आणि जाळीला कुलूप लागते. ज्या पायवाटेने वराती गेल्या आणि तिरड्याही गेल्या, तिथे चिऱ्यांचा गडगा उभा राहतो. न्हाणीतले भाण तापवण्यासाठी पडलेली चुडते उचलायला भाटात गेलेल्या म्हातारीला, 'आता नव्या मालकाला विचार' असे ऐकावे लागते. विजेच्या जोडणीसाठी मालकाची सही मागतात आणि मालक सही देत नाही. कोणाला घराबाहेर काढलेले नसते. घर जागच्या जागी असते. फक्त त्या घरात राहणे अशक्य करून टाकलेले असते.

याला आम्ही बेदखलीच म्हणतो. मामलेदाराकडे जाऊन मुंडकाराला काढता येत नाही, म्हणून त्याचे पाणी, वाट आणि उजेड तोडायचा, हा मागच्या दाराचा मार्ग आहे.

कारण उघड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. पेडण्याच्या जमिनीकडे बाहेरच्यांचे डोळे त्याच्या कितीतरी आधीपासून लागले होते. अशा गिऱ्हाइकाला जमीन 'मोकळी' हवी असते. मुंडकाराचे घर त्याच्या नकाशात अडचण असते. पण कुलूप लावणारा प्रत्येक वेळी बाहेरचाच असतो का? नाही. काही ठिकाणी तो आपल्याच घराण्यातला, आपल्याच देवस्थानचा महाजन असतो. म्हणूनच आज हे आपल्या माणसांना उद्देशून लिहावे लागत आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ साली कूळ कायदा आणला. त्यांच्या पश्चात, डिचोलीतून निवडून आलेल्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. या कायद्याने घर म्हणजे नुसत्या चार भिंती मानलेल्या नाहीत. घराभोवतालची जागाही त्यात धरली आहे. घर विकत घेताना पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर व इतरत्र २०० चौरस मीटर जागा मागण्याचा पर्याय मुंडकाराला दिला आहे. ज्या कायद्याने अंगण दिले, त्याने अंगणापर्यंतची वाट आणि तोंडात घालायचे पाणी मालकाच्या मर्जीवर सोडले असेल, असे कोणता शहाणा माणूस म्हणेल?

विजेच्या बाबतीत तर संशयाला जागाच नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे जागेचा मालक किंवा तिथला रहिवासी, कोणीही जोडणी मागू शकतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, मालक ना-हरकत दाखला देत नाही एवढ्या कारणाने भाडेकरूची वीज अडवता येत नाही. वीज ही मूलभूत गरज आहे.

सीमेपलीकडे आपल्या सोयरिकी आहेत, म्हणून महाराष्ट्राचेही उदाहरण देतो. तिथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे २९ वे कलम पाणी, वीज, जिन्यातला दिवा आणि साफसफाई तोडणाऱ्या घरमालकाला शिक्षेस पात्र ठरवते. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात भाड्याच्या घरांत राहतात. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात भाडेकरूचे घर ऊबदार ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. तिथे घरमालकाने ऊब तोडली की आपला मुलगा तक्रार करतो आणि आपण म्हणतो, बरोबर केले. मग त्याच मुलाच्या नावावर लागलेल्या भाटातल्या विहिरीला इथे कुलूप घालताना आपली जीभ का अडखळत नाही?

भाटकारांची बाजू आम्हांला ठाऊक आहे, कारण आमच्यातही भाटकार आहेत. 'राखणीसाठी जागा दिली, त्याने माडी चढवली,' असे ते म्हणतात. 'एक-चौदाच्या उताऱ्यावर चाळीस वारस, सही करायची कोणी?' असेही म्हणतात. यात काही खरे आहे. कोणी हद्द ओलांडून बांधले असेल तर पंचायत आहे, मामलेदार आहे. तिथे जरूर जावे. वारसांचा घोळ हा तर कुलूप न लावण्याचाच मुद्दा आहे. चाळीस जणांची मालकी असताना एकट्याने कुलूप लावण्याचा अधिकार आला कुठून?

जुन्या काबिजादींच्या दोन-अडीचशे वर्षांनंतर, म्हणजे १७८१ ते १७८८ च्या दरम्यान, हे आपले महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले. तरीही देवळे राहिली, भजन राहिले, मराठी राहिली, याचा आपल्याला अभिमान आहे. ते एकट्या वाड्यातल्या माणसांनी टिकवले का? चतुर्थीला माटोळीचे सामान डोंगरातून कोणी आणले? जत्रेत दिवट्या कोणी धरल्या? मुक्तीनंतर गावोगावच्या मराठी शाळांचे बाक कोणाच्या मुलांनी भरले? त्यांचेच पाणी तोडून आपण कोणती संस्कृती राखणार आहोत?

आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या घराण्यांनी विहिरीवरची कुलपे आजच काढावीत. जमीन विकायचीच असेल, तर मुंडकाराचे घर, वाट आणि पाणी यांचा स्पष्ट उल्लेख खरेदीखतात करावा. तो करायला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला जमीन देऊ नये. सरकारने, पाणी किंवा वाट तोडल्याची तक्रार आल्यास मामलेदाराने काही दिवसांत जागेवर जाऊन पाहणी करावी असा दंडक घालावा. मुंडकारीच्या मूळ दाव्यांसारखी ही तक्रार वर्षानुवर्षे पडून राहता कामा नये. माणूस तारखेची वाट पाहू शकतो, पाण्याची पाहू शकत नाही.

आणि मुंडकार बंधूंनो, तोंडी शब्दावर राहू नका. मुंडकार म्हणून नोंद झाली नसेल तर मामलेदाराकडे अर्ज करा. जुनी रेशनकार्डे, घरपट्टीच्या पावत्या, मतदार याद्यांचे उतारे जपून ठेवा. वाट अडवली त्या दिवशी फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

कायद्याची लढाई मामलेदाराच्या कचेरीत व्हायची तेव्हा होईल. विहिरीच्या कुलपाची किल्ली मात्र आपल्याच कमरेला आहे.