कुंडीतली शोभा आणि रस्त्यावरची सावली



आपल्या वस्त्यांत अलीकडे एक चांगली गोष्ट दिसते. घर दोन खोल्यांचे का असेना, दारात चार कुंड्या असतात. कुंडी नसली तर रंगाचा रिकामा डबा असतो, फुटकी बादली असते. त्यात मनी प्लांट, क्रोटन, रंगीत पानांचे अळू. पुण्या-मुंबईला दिलेली लेक माहेरी येताना ओल्या फडक्यात कांडी गुंडाळून आणते आणि आईच्या दारात लावते. कष्टकऱ्याच्या घराला हिरवाई हवीशी वाटावी, यात वावगे काही नाही. हौस ही काही श्रीमंतांचीच मिरास नव्हे.

पण आज या हौसेच्या झाडाशेजारी दुसरे एक झाड उभे करून पाहू. ते म्हणजे सावलीचे मोठे झाड. वड, पिंपळ, करंज, कडुनिंब.

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे गाव कल्याण-नगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान आहे. पिंपरी हे वडा-पिंपळाच्याच कुळातल्या एका मोठ्या सावलीच्या झाडाचे नाव. महाराष्ट्रात पिंपरी, पिंपळगाव, वडगाव, उंबरगाव अशी गावे किती आहेत ते मोजत बसलो तर दिवस जाईल. आपल्या पूर्वजांनी गावे झाडांच्या नावाने ओळखली, कारण झाड हाच गावाचा पत्ता होता. मनी प्लांटवरून नाव पडलेले गाव कुणी ऐकले आहे काय?

आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ. मनी प्लांट मूळचा आपल्याकडचा नव्हे. पॅसिफिक महासागरातील मूरेआ नावाच्या छोट्या बेटावरचा हा वेल. तिथल्या जंगलात तो मोठ्या झाडांच्या खाली उगवतो आणि त्यांच्याच खोडाला धरून वर चढतो. वर चढायला मिळाले की त्याचे एकेक पान हातभर होते. कुंडीत मात्र ते तळहाताएवढेच राहते. कडक उन्हात ठेवले तर पाने करपतात. म्हणजे बाया-बापड्यांनो, घरात शोभणारे हे झाड स्वतःच सावलीचे लेकरू आहे. मोठ्या झाडाने सावली धरली म्हणून ते जगले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आणखी एक नवल. हा वेल आपणहून जवळजवळ कधीच फुलत नाही. फुले यायला झाडाच्या अंगात जे द्रव्य तयार व्हावे लागते, ते याच्या अंगात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही म्हणून फळ नाही, आणि बीही नाही. एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली कांडी ही त्याच झाडाचा तुकडा असते. पाखराला त्याच्याकडून दाणा मिळत नाही.

उलट पिंपळ पाहा. त्याच्या इवल्या फळात एक बारीक माशी शिरते, तिच्यामुळे बी धरते. ते फळ मैना, बुलबुल, हरियाल खातात आणि बी कुठेही टाकतात. दगडाच्या फटीतही ते रुजते. एका झाडावर शेकडो जीव पोसतात आणि खाली माणसे, जनावरे विसावतात.

आता काही गैरसमज दूर करू. मनी प्लांट चोरून आणला तर घरात पैसा येतो, अमुक दिशेला ठेवला तर भरभराट होते, असे सांगणारे वास्तूवाले पुष्कळ. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या घेतलेल्या घरात असल्या समजुतींना जागा नसावी. पैसा घामातून आणि शिक्षणातून येतो. तो वेलीतून येत नाही. दुसरा समज शास्त्राच्या नावाने पसरला आहे, की दोन-चार कुंड्या घरातली हवा शुद्ध करतात. २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी जुने सगळे प्रयोग तपासले. खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते, तेवढा परिणाम कुंड्यांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे ठेवावी लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. तेव्हा खिडकी उघडा, आणि कुंडी केवळ डोळ्यांच्या सुखासाठी ठेवा.

पिंपळाच्या नावानेही अंधश्रद्धा कमी नाहीत. त्यावर मुंजा राहतो, अवसेला खाली जाऊ नये, असे सांगून मुलांना घाबरवतात. ज्या झाडाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली, त्या झाडाला आपल्या मुलांनी भ्यावे काय? संबोधीनंतर भगवंतांनी त्या वृक्षाकडे सात दिवस कृतज्ञतेने एकटक पाहिले, अशी बौद्ध परंपरा आहे. नवस बोलायचा नाही, दोरा गुंडाळायचा नाही. पाणी घालायचे आणि कृतज्ञ राहायचे, एवढेच.

सावली ही आपल्या धम्मात दानाची वस्तू आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी २४२ च्या सुमारास कोरविलेल्या सातव्या स्तंभलेखात, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे नमूद केले आहे. आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, असेही त्यात आहे. इतके लांब तरी कशाला जावे? आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात एका शक उपासकाचे दान कोरलेले आहे. २० निवर्तने जमीन करंजाच्या नावे आणि ९ निवर्तने वडाच्या नावे. निवर्तन हे जमिनीचे जुने माप. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी वंशाचा एक उपासक आपल्या या मातीत दान देतो आणि त्या दानात करंजाचे, वडाचे नाव येते. लेण्याद्रीला, मानमोडीला मुलांना सहलीला नेता, तेव्हा हे त्यांना जरूर सांगा.

याच सावलीची आपल्या समाजापुरती एक कडू बाजूही आहे. गावच्या वडाला पार होता, पण त्या पारावर आपल्या आजा-पणजांना बसता येत नव्हते. सावली झाडाची होती, मालकी मात्र गावाने घेतली होती. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. पाण्यासारखीच सावलीही सर्वांची आहे. म्हणून आपण लावलेल्या झाडाखाली कुणालाही बसता आले पाहिजे. जात विचारून सावली देणारे झाड निसर्गाने केलेले नाही.

आज सावलीची गरज कुणाला आहे? ज्याच्या घरी पंखा-कूलर आहे, त्याला थोडी. कांदा काढायला, टोमॅटो तोडायला जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना जास्त. त्या दुपारी भाकरी सोडतात ती झाडाखाली. एसटीची वाट पाहणारी म्हातारी, शाळेतून चालत येणारी पोरे, यांनाही तीच सावली लागते. आणि हीच सावली कमी होत आहे. पुणे-नाशिक महामार्गाच्या चौपदरीकरणात कडेची जुनी झाडे गेली. रस्ता रुंद झाला, गाड्या वेगाने धावू लागल्या. पायी चालणारा मात्र उन्हात आला. उघडे डांबर आणि झाडाखालची जमीन यांच्या तापमानात भर उन्हात ११ ते २५ अंशांचा फरक पडू शकतो. अनवाणी पायाला हा फरक सांगावा लागत नाही.

मग कुंड्या काढून टाकायच्या काय? मुळीच नाही. कुंडी घराची शोभा, झाड वस्तीचा आधार. दोन्ही हवीत, पण जागा आणि काळजी वेगवेगळी. काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

मनी प्लांट हा आपल्या अळूचाच भाऊबंद. अळूने घसा खाजतो, म्हणून आपण त्यात चिंच घालून ते चांगले शिजवतो. मनी प्लांटच्या पानांतही तसेच सुईसारखे बारीक स्फटिक असतात, आणि तो खाण्याचा नव्हे. रांगत्या मुलाच्या आणि शेळीच्या तोंडापासून तो लांब ठेवा. बाटलीतल्या वेलीचे पाणी दर आठवड्याला बदला, नाही तर त्यात डेंग्यूचे डास होतील. आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे. घराला लागून दाट झुडपांची गर्दी करू नका, त्याला आडोसा मिळतो.

वड आणि पिंपळ विहाराच्या भिंतीपासून, विहिरीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, निदान चाळीस फुटांवर लावा. त्यांची मुळे भिंत फोडतात. जागा कमी असेल तर करंज किंवा कडुनिंब लावा. रस्त्याच्या कडेला लावण्याआधी ग्रामपंचायतीला विचारा. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. रोप पुरुषभर उंचीचे मिळाले तर उत्तम. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच, कारण शेळ्यांना धम्म समजावता येत नाही!

मघाशी म्हटले ते आता पुन्हा आठवा. कुंडीतला वेल मोठ्या झाडाच्या सावलीत जन्मला. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये राहायला गेले, तेही कुणाच्या तरी सावलीतच वाढले. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी खंत व्यक्त केली होती. ती ऐकून वाईट वाटून घेण्यापेक्षा गावच्या वस्तीत एक झाड लावणे आणि ते जगविणे बरे.

जगविणे महत्त्वाचे. फोटो काढून झाड लावणारे पुष्कळ, उन्हाळ्यात घागर घेऊन जाणारे थोडे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि बाहेर पाऊस असतो. त्याच आठवड्यात रोप लावा. आश्विन पौर्णिमेपर्यंत त्याला पाऊस पाणी देईल. वाचनाच्या समाप्तीला सगळी घरे जमतात, तेव्हाच वहीत लिहून काढा, कोणत्या घराने कोणत्या वारी दोन घागरी घालायच्या. असे तीन उन्हाळे गेले की झाड आपल्या पायावर उभे राहते.

भवतु सब्ब मंगलं!