चारशे रुपयांचा चेंडू

महाग वस्तू चांगली असते की चांगली वस्तू महाग असते, या विषयावर आपल्या घराघरांतून दर दिवाळीला परिसंवाद झडतो. पैठणी असो, अत्तर असो, नाहीतर नवा मिक्सर असो. दुकानदार एका बाजूला ठाम असतो, गृहिणी दुसऱ्या बाजूला, आणि पैसे देणारा गृहस्थ दोन्ही बाजू सोडून खिसा चाचपत असतो. यंदा हा जुनाच प्रश्न माझ्यापुढे अगदी अनोळखी वेषात आला. आमच्या शेजाऱ्यांनी मला विचारले, "सर, गोल्फचा चेंडू चारशे रुपयांचा घ्यावा की दीडशेचा?"

हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाला का विचारावा, असे कोणी म्हणेल. पण कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला सगळे कळते, असा एक गोड समज आपल्या समाजात अजून शिल्लक आहे. तो दूर करण्याची घाई मी कधी केलेली नाही.

चाकण आणि गोल्फ यांची जोडी ऐकून जुने वाचक दचकतील. आपल्याला चाकण ठाऊक आहे ते संग्रामदुर्गाचे. १६६० साली शाएस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. पुढे चाकणचे नाव झाले ते कांद्याबटाट्याच्या बाजारामुळे. आता ते कारखान्यांमुळे आहे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीज आली, २०१३ साली ब्रिजस्टोनचे टायर बाहेर पडू लागले. जर्मन साहेब आले, जपानी आले, कोरियन आले. आणि साहेबाच्या पाठोपाठ साहेबाचा खेळ आला. रविवारी पहाटे काठ्यांची भली मोठी पिशवी गाडीत टाकून येरवड्याच्या नाहीतर लवळ्याच्या मैदानाकडे जाणारी माणसे आता आमच्या आळीतही दिसतात.

आमचे शेजारी त्यांपैकीच एक. खराबवाडीच्या एका कारखान्यात ते खरेदी विभाग सांभाळतात. आठवडाभर पुरवठादारांशी एकेका नटबोल्टामागे दहा दहा पैशांची घासाघीस करायची, आणि रविवारी चारशे रुपयांचा चेंडू एका फटक्यात तळ्यात घालवायचा, असा त्यांचा दुहेरी संसार चालला आहे. हौस आहेच, पण खरे कारण असे की, त्यांचा जपानी साहेब खेळतो, आणि कचेरीत जे बोलणे होत नाही ते मैदानावर होते.

त्यांना मी म्हटले, "यात लाजण्यासारखे काही नाही. चेंडूपायी नोकरी मिळाल्याचे उदाहरण खुद्द महाभारतात आहे." आदिपर्वात कौरवपांडवांची वीटा विहिरीत पडते. वीटा म्हणजे चेंडू की विटी, यावर पंडितांचे एकमत नाही. पण द्रोणाचार्यांनी दर्भाच्या काड्या एकीत एक गुंतवून ती बाहेर काढली आणि राजपुत्रांच्या गुरूची जागा मिळवली, याविषयी दुमत नाही. आपल्या संतांनीही चेंडूफळीवर अभंग रचले आहेत. आणि कृष्णाचा चेंडू यमुनेत गेला नसता तर कालियामर्दनाची कथा आपल्याकडे ज्या तऱ्हेने सांगतात तशी सांगताच आली नसती. चेंडूने पाण्यात जाणे ही फार जुनी रीत आहे. फरक एवढाच की, तेव्हा तो चारशे रुपयांचा नव्हता.

या चेंडूचा इतिहास मी मुद्दाम वाचून काढला, आणि तो मोठा उद्बोधक निघाला. पूर्वी स्कॉटलंडात हा चेंडू कातड्याच्या पिशवीत हंसांची उकडलेली पिसे ठासून शिवत असत. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी तीनचारच तयार होत. पावसात भिजला की तो जड होई, आणि काठीचा घाव वर्मी लागला की उसवे. अर्थातच तो महाग होता, आणि म्हणून खेळही मूठभर लोकांचा होता. मग १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले. त्यामागची आख्यायिका आपल्याला विशेष गोड वाटेल. सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन नावाच्या गृहस्थाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चा भरला होता, आणि त्यातूनच त्याला चेंडूची कल्पना सुचली, असे सांगतात. खरेखोटे तो विष्णूच जाणे! पण हा चेंडू स्वस्त होता, आणि तो बिघडला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता येई. पिसांचे चेंडू करणारा ॲलन रॉबर्ट्सन इतका संतापला की, त्याचाच साथीदार टॉम मॉरिस नवा चेंडू खेळताना दिसताच दोघांचे बिनसले आणि ते वेगळे झाले. आज जग स्मरण करते ते अधिक मॉरिसचे. १८६० नंतरच्या सात वर्षांत त्याने खुली स्पर्धा चार वेळा जिंकली.

यात एक गंमत आहे, ती ध्यानात ठेवावी. गुळगुळीत नवा चेंडू नीट उडत नसे. घाव बसून खरबरीत झालेला जुना मात्र सरळ आणि लांब जाई. लोक मग नव्या चेंडूला मुद्दाम हातोडीने टोचे पाडू लागले. १९०५ साली लेस्टरच्या विल्यम टेलरने चेंडूला गालावरच्या खळीसारख्या खळ्या पाडण्याची युक्ती काढली. आजच्या चेंडूवर अशा तीनचारशे खळ्या असतात. त्यांच्यामुळे हवेचा पातळ थर चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो, मागची पोकळी आखडते आणि विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. ही विद्या स्वस्त चेंडूलाही लाभली आहे. खळ्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत.

मग चारशे रुपये कशाचे पडतात? याचे उत्तर चाकणच्या बाजारात मिळते. स्वस्त चेंडू बोरासारखा असतो: आत रबराचा मोठा गोळा आणि वर एक चिवट साल. महाग चेंडू कांद्यासारखा: तीन, चार, कधी पाच थर, आणि सर्वांत वर मऊ युरेथेनचा पापुद्रा. पूर्ण ताकदीने फटका मारला की दोघांचेही पोट चांगलेच दबते. शिवाय खेळाच्या नियमांनी चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, आणि सुटण्याचा कमाल वेगही बांधून दिला आहे. म्हणजे लांब जाण्याच्या बाबतीत श्रीमंताच्या चेंडूलाही कायद्याच्या पलीकडे जाता येत नाही, आणि गरिबाचा चेंडू त्या कुंपणाच्या बराच जवळ आधीच पोचलेला असतो.

फरक पडतो तो जवळच्या फटक्यात. होलच्या भोवतालच्या कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. तिथून पन्नास पावलांवरून चेंडू अलगद उचलताना काठीच्या तोंडावरच्या खाचा मऊ पापुद्र्यात रुततात, चेंडूला उलटी फिरकी मिळते, आणि तो हिरवळीवर पडून शहाण्या मुलासारखा थांबतो. कठीण सालीचा चेंडू निसटतो आणि पुढे घरंगळत जातो. हा फरक खरा आहे, त्यात फसवणूक नाही. २००० साली टायगर वुड्सने दोरा गुंडाळलेला जुना चेंडू टाकून एकजीव थरांचा नवा चेंडू घेतला, आणि त्याच वर्षीची अमेरिकन खुली स्पर्धा पंधरा फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्या चेंडूवर नाव नायकेचे होते, पण तो बनवला होता ब्रिजस्टोनने! चाकणला ज्याचे टायर होतात तोच हा ब्रिजस्टोन. १९३५ पासून तो जपानात गोल्फचे चेंडू करीत आला आहे. संस्थापकाचे आडनाव इशिबाशी, म्हणजे दगडी पूल. ते इंग्रजीत नेताना त्याने उलटे केले आणि पुलाचा दगड झाला. भाषेच्या प्राध्यापकाला एवढा आनंद पुरेसा आहे.

पण वुड्सचा हात आणि आमच्या शेजाऱ्यांचा हात यांत अंतर आहे. व्यावसायिक खेळाडूची काठी चेंडूवर ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने येते, सामान्य हौशी पुरुषाची दीडशेच्या आसपास. तेही बिघडत नाही; बिघडते ते सातत्य. महाग चेंडूची फिरकी लाभायची तर काठी आधी चेंडूला लागावी लागते, मग जमिनीला. आमच्या शेजाऱ्यांची काठी बहुधा जमिनीला आधी लागते, आणि उडालेल्या मातीला युरेथेनचे कवच नसते.

शेवटी हा वाद वहिनींनी सोडवला. त्यांनी वही घातली. चार रविवार खेळायचे. दोन महाग चेंडूने, दोन स्वस्त. बहात्तर फटक्यांचे मैदान. पहिल्या रविवारी महाग चेंडूने १०८ फटके झाले. जपमाळेचे मणी बरोबर पुरे! पुढच्या रविवारी स्वस्त चेंडूने १०७, मग महागाने १०९, मग स्वस्ताने पुन्हा १०८. चेंडू हरवले ते मात्र दर खेपेस चार. महाग असले तर सोळाशे रुपये, स्वस्त असले तर सहाशे. "म्हणजे रविवारी हजार रुपये," वहिनी म्हणाल्या, "आणि फटक्यांत फरक काही नाही." फटके कुठे जातात याचीही नोंद होती. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक फटके ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलण्यात गेले होते, आणि तिथे आतले थर कोणाला विचारतात? काही झाडीत आणि पाण्यात गेले. फिरकी कामाला आली असती असे फटके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले.

एकदा मीही त्यांच्याबरोबर मैदानावर फिरून आलो. पिशवी वाहणाऱ्या पोराला मी विचारले, "का रे, कोणता चेंडू चांगला?" तो म्हणाला, "साहेब, चेंडूला किंमत वाचता येत नाय. पाणी दिसलं की जातोय." तळ्यातून काढलेले चेंडू पुसूनपासून पुन्हा विकले जातात, हे त्याच्याकडूनच कळले. पाश्चात्य देशांत तर हा मोठा धंदा आहे. पाणबुडे उतरतात त्यासाठी.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, गृहस्थांनी दीडशेचा चेंडू घ्यावा आणि गप्प बसावे. पण खरी अडचण पैशाची नव्हतीच. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला चेंडू कोणता, कोणत्या नावाचा, कितव्या क्रमांकाचा, हे इतरांना सांगायचे असते. गोंधळ होऊ नये म्हणून. साहेब एक भारी नाव घेतो, दुसरा तेच घेतो, आणि तिसऱ्याने चारचौघांत स्वस्त नाव उच्चारायचे. त्या एका उच्चारासाठी आमचे शेजारी महिन्याला चार हजार रुपये मोजत होते. आपल्या मध्यमवर्गाचे कितीतरी खर्च असेच असतात. वस्तू वापरासाठी नसते. कोणी विचारले तर सांगता यावे म्हणून असते. मुलाच्या शाळेपासून मुलीच्या लग्नाच्या कार्यालयापर्यंत हा हिशेब चालतो.

आणि गंमत पाहा. ज्या साहेबाची एवढी धास्ती, त्याला मी स्वतः झुडपात सापडलेला एक बेवारशी चेंडू उचलताना पाहिले. त्याने तो विजारीला पुसला, निरखला आणि खुशीत खिशात टाकला. त्यावर कोणाचे नाव आहे हेही त्याने पाहिले नसावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाग म्हणजे केवळ नावाचे पैसे, असेही नाही. संशोधनाचे आहेत, काटेकोरपणाचे आहेत. पण नावाचे अजिबात नाहीत, असेही म्हणवत नाही. २०१६ साली अमेरिकेत कॉस्टको या किराणाभुसाराच्या प्रचंड दुकानाने चार थरांचा, युरेथेनच्या पापुद्र्याचा चेंडू तीस डॉलरला दोन डझन असा विकायला काढला, आणि बघता बघता माल संपला. नामांकित चेंडूवाली कंपनी आणि कॉस्टको यांच्यात कोर्टकचेरी झाली. २०१८ मध्ये दोघांनी ती आपसांत मिटवली. तेव्हापासून मऊ पापुद्र्याचे मध्यम किमतीचे चेंडूही बाजारात मुबलक दिसतात. ज्याचा जवळचा फटका बसू लागला आहे, त्याने तो मधला मार्ग खुशाल धरावा.

माझा सल्ला म्हणाल तर असा. कोणताही एक चेंडू धरा आणि वर्षभर तोच खेळा. रोज नवा चेंडू म्हणजे रोज नवा अंदाज. वाचलेल्या पैशांत सरावाच्या मैदानावर चेंडूंच्या बादल्या मारा. आणि ज्या दिवशी पहिल्या होलवर काढलेला चेंडू अठराव्या होलपर्यंत तुमच्या सोबत टिकेल, त्या दिवशी भारी चेंडूंचा डबा घरी आणा. तोवर चारशे रुपयांची धास्ती मनात घेऊन काठी उचलू नका. भ्यालेल्या हाताने फटका बसत नाही.

पिसांचा महाग चेंडू होता तोवर हा खेळ थोड्यांचा होता. चिकाचा स्वस्त चेंडू आला आणि तो पुष्कळांचा झाला. वस्तू स्वस्त झाली म्हणून तिची शोभा गेली नाही. उलट खेळणारे वाढले, हरवलेल्या चेंडूला हसणारे वाढले. या दिवाळीत दुकानाच्या काचेसमोर उभे राहताना एवढे आठवले तरी खिसा आणि मन दोन्ही हलके राहतील.