पथ्य म्हणजे उपास नव्हे

आपल्या मराठी घरांत आजाऱ्याची सेवा म्हणजे प्रथम त्याचे ताट बदलणे. माळव्यात पिढ्या लोटल्या, दाल-बाफले आणि पोहे-जिलबी आपल्या स्वयंपाकघरांत रुळली, तरी तापकऱ्याला मऊ भात आणि मेतकूट देण्याची रीत काही सुटली नाही. ही रीत मोठ्या मायेची आहे. परंतु एका दुखण्यात ती मायाच वाट चुकू शकते, याचा अनुभव माधव नगरातील आमच्याच घरी आला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्यासाठीच या वेळचा हा लेख.

आमचे थोरले बंधू गणिताचे निवृत्त अध्यापक. रक्तदाबाचा विकार जुना. तीन वर्षांपूर्वी पायांवर सूज आली, रक्त तपासले, आणि मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावल्याचे निदान झाले. डॉक्टर म्हणाले, "प्रथिने जरा बेताने घ्या." वहिनींनी त्या 'बेताने' या शब्दाचा अर्थ 'मुळीच नको' असा केला. डाळ बंद, दूध बंद, दही बंद. शिवाय दादांचे सोमवार आणि एकादशी होतेच. चार महिन्यांत ६० किलोंचे दादा ५३ वर आले, आणि रक्तातील युरिया उतरण्याऐवजी चढला. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. "भावोजी, डाळीचा कण पोटात जाऊ दिला नाही मी ह्यांच्या. मग हे विष येते तरी कुठून?"

वहिनींचा प्रश्न रास्त होता. प्रथिनांत नत्र असते. शरीराची गरज भागून उरलेल्या प्रथिनांतील नत्राचा यकृतात युरिया बनतो आणि तो मूत्रावाटे बाहेर पडतो. निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने टाकतात. ही गाळणी निकामी होऊ लागली की कचरा रक्तात साचतो. अन्नावरची वासना उडते, मळमळते, अंगाला खाज सुटते, झोप विस्कटते. युरिया हा यातील एकटाच अपराधी नव्हे. आतड्यांतील जंतू प्रथिनांच्या अवशेषांपासून इंडॉक्सिल सल्फेटासारखी द्रव्ये निर्माण होण्यास कारण होतात, आणि तीही साचतात. म्हणूनच अशा रोग्याच्या बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष करू नये.

पण ताटात प्रथिने नसतानाही युरिया वाढला, याचे कारण निराळेच. पोटभर अन्न मिळाले नाही की शरीर आपल्याच स्नायूंना हात घालते, आणि स्नायू म्हणजेही प्रथिनेच. चुलीला सरपण नाही म्हणून घराची दारे-खिडक्या जाळावीत, तसाच हा प्रकार. दादांच्या रक्तातील विषाचा एक वाटा त्यांच्याच अंगच्या मांसातून येत होता.

पुढे इंदूरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी वहिनींना हिशेब शिकवला. डायलिसिस सुरू झालेले नसताना प्रौढ रोग्याला साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. काहींना वैद्यकीय देखरेखीखाली याहूनही कमी देतात. ६० किलोंच्या माणसास ही झाली ४८ ग्रॅम. आता आपले रोजचे ताट पाहा. दीडशे ग्रॅम कणकेत सुमारे १७, शंभर ग्रॅम तांदळात ७, चाळीस ग्रॅम डाळीत ९, पाव लिटर दूध-दह्यात ८, आणि भाज्यांचे चार. बेरीज ४५. म्हणजे साधे वरण-भात-पोळीचे जेवण पथ्यात बसतेच. आवरायचा तो दुसऱ्या वाटीचा आग्रह, आणि ताकदीसाठी म्हणून कोणी आणून दिलेला प्रथिनांच्या भुकटीचा डबा. उष्मांक मात्र भात आणि तेल-तूप यांतून पुरेसे मिळालेच पाहिजेत.

उपासाचे वेगळेच. साबुदाणा बिचारा निरुपद्रवी, जवळजवळ निव्वळ पिष्ट. परंतु त्याच्या सोबतीचे दाण्याचे कूट, बटाटा, रताळे आणि वर शहाळ्याचे पाणी यांत पोटॅशियम भरपूर. ते रक्तात फार वाढले तर हृदयाची गती बिघडते, प्रसंगी थांबतेही. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठही या रोग्याने टाळावे, कारण त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. कमरख हे फळ तर मूत्रपिंडाच्या रोग्याला विषासमान.

गेल्या वर्षी दादांना डायलिसिस सुरू करावे लागले. हा शब्द आमच्या घरी प्रथम आला तो वर्तमानपत्रांतून, आम्ही शाळकरी असताना. १९७५ च्या नोव्हेंबरात बंदिवासातून सुटलेल्या जयप्रकाश नारायणांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले. मूत्रपिंडे निकामी झालेले जयप्रकाशजी ८ ऑक्टोबर १९७९ रोजी देह ठेवीपर्यंत त्या यंत्राच्या आधाराने जगले. तेव्हा दुर्मिळ असलेली ही सोय २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस योजनेखाली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत देण्यास आरंभ झाला आहे.

येथे वहिनींची दुसरी परीक्षा झाली. डायलिसिसवर पथ्य उलटे फिरते. यंत्र कचऱ्याबरोबर प्रथिनांचे घटकही ओढून नेते. म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन वर्षे मोजून-मापून वाढणाऱ्या हाताला सढळ होणे जड गेले. मात्र मीठ, पाणी आणि पोटॅशियम यांचा लगाम सुटलेला नाही. आठवड्याच्या १६८ तासांपैकी यंत्र चालते ते जेमतेम १२ तास.

वाचकहो, हे आकडे आमच्या दादांचे. तुमच्या घरच्या रोग्याचे ते असतीलच असे नाही. मधुमेह असेल, वजन निराळे असेल, रोगाची पायरी निराळी असेल. म्हणून डॉक्टरांनी 'बेताने' म्हटले की तेथेच विचारावे : किती ग्रॅम, आणि कोठवर? आमच्या वहिनींनी ते तेव्हा विचारले नाही, आणि मीही नाही; शाळेत मुलांना 'न कळले तर विचारा' असे रोज सांगणारा मी! आता ओट्याशी भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर दादांच्याच गणिती अक्षरांत रोजच्या ताटाची बेरीज असते. ती जुळली की वहिनी निश्चिंतपणे वाढतात.