बिनकामाचा उजेड

“एवढ्या उजेडाचें करायचें काय?” असा सवाल आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या चिरंजिवांस टाकला, त्या वेळीं आम्ही त्यांच्याच घरीं चहा घेत बसलों होतों. वादाचा विषय मेजावर पडलेला होता. मोटारीच्या पुढल्या दिव्याएवढें तोंड, पाठीमागें मूठ, आणि उचलूं गेल्यास वरवंट्याची आठवण व्हावी असें वजन! ही हातबत्ती चिरंजिवांनीं परदेशांतल्या कोणा छांदिष्टाकडून जुनी म्हणून विकत आणविली होती. किंमत ऐकून मातोश्रींनीं कपाळावर हात मारला. वडील शिक्षकी करून निवृत्त झालेले. त्यांनीं कपाळावर हात न मारतां युक्तिवाद केला, आणि तो आमच्या मतें अधिक घातक होता. ते म्हणाले, “फोनला दिवा आहे, जिन्यावर दिवा आहे, रस्त्यावर तर रात्रभर दिवे आहेत. ज्या वस्तूचा उपयोग सांगतां येत नाहीं, ती वस्तु शहाण्या माणसाच्या घरांत असूं नये.”

हें शेवटचें वाक्य आम्हांस झोंबलें. तें एकट्या आमच्या स्नेह्यांचें असतें तर आम्ही चहा संपवून उठलों असतों. परंतु आपल्या सबंध सुशिक्षित मध्यमवर्गाचें तें ब्रीदवाक्य होऊन बसलें आहे. त्याच्याशीं दोन हात करावे, एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. जुन्या विजेरींत तार तापून उजळते. हल्लींच्या विजेरींत एलईडीचा कण उजळतो. या बत्तींत तारही नाहीं आणि कणही नाहीं. क्वार्ट्झच्या एका इवल्याशा कुपींत धातूचीं दोन टोकें समोरासमोर बसविलेलीं असतात. त्यांच्यामध्यें सुमारें चार मिलिमीटरांचें अंतर, आणि कुपींत दाबून भरलेला झेनॉन वायु. कळ दाबतांच वीस हजार व्होल्टांच्या आसपासचा एक तडाखा बसतो आणि वीज त्या पोकळींतून उडी घेते. ही जी अखंड चाललेली उडी, तिलाच शास्त्रीय ग्रंथांत प्रज्योत म्हणतात. पेटतांना प्रकाश निळसर असतो. कुपींतल्या क्षारांची तापून वाफ होऊं लागली कीं तो भरत जातो आणि पांढराशुभ्र होऊन स्थिरावतो. या सबंध कुळीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एच्. आय्. डी.’ असें नांव आहे. मोटारीवर असे दिवे १९९१ सालीं बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें प्रथम आणले. पंचावन्न वॉटचा हॅलोजन दिवा जेथें सुमारें १५०० ल्यूमेन प्रकाश देतो, तेथें ३५ वॉटचा हा दिवा सुमारें ३२०० देतो. हा हिशेब पाहून २००० नंतरच्या दशकांत अमेरिका-युरोपांतले विजेरीचे शौकीन या दिव्यांमागें लागले. कोणी तयार बत्त्या घेतल्या. कोणी मोटारींतले दिवे आणि त्यांस वीज पुरविणारे बॅलास्ट काढून ते आपल्या हातांनीं बत्त्यांत बसविले.

त्या रात्रीं वडील गच्चीवर आले नाहींत, आम्ही गेलों. पाऊस नुकताच उघडला होता, हवेंत ओल होती. चिरंजिवांनीं बत्ती लागलीच पेटविली नाहीं. ज्या बाजूस घरें होतीं तिकडे पाठ केली, आकाशांत विमानाचा दिवा दिसतो काय तें पाहिलें, आणि मग गांवाबाहेरच्या टेकडीकडे तोंड करून कळ दाबली. एक बारीक चरचर, एक निळी झांक, आणि कांहीं सेकंदांत आमच्या खांद्याजवळून निघालेला एक पांढरा दांडा थेट टेकडीला जाऊन टेकला. बाष्पकणांमुळें तो इतका घट्ट दिसत होता कीं हातानें धरावासा वाटे. ज्या टेकडीकडे आम्हीं दिवसाउजेडीं वर्षानुवर्षें ढुंकूनही पाहिलें नव्हतें, तिच्यावरचें एकुलतें एक झाड कोणीं अंधारांतून उचलून आमच्यापुढें ठेवावें तसें दिसलें. मग चिरंजिवांनीं बत्ती विझविली आणि म्हणाले, “काका, आतां अंधार बघा.” आरंभीं कांहींच दिसेना. पाव तास तसेच उभे राहिलों, तेव्हां टेकडीची कड, तिच्यावरचें आकाश आणि त्यांतले तारे एकामागून एक उमटूं लागले. इतका वेळ अंधाराकडे आम्ही कितीतरी वर्षांत पाहिलें नव्हतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप निरुपयोगाचा. आमच्या स्नेह्यांच्या कपाटांत फाउंटनपेनें चोवीस आहेत; लिहितात ते एकानेंच. त्यांना त्यांचा उपयोग कोणीं विचारला नाहीं, कारण पेनांचा षौक आपल्या वर्गांत प्रतिष्ठित आहे. उपयोगाचा दाखला आपण नेहमीं दुसऱ्याच्याच नादाकडे मागतों. हौसेला मोल नाहीं, ही म्हण आपण लग्नकार्याच्या खर्चास लावतों. मुलानें ज्ञानाच्या हौसेनें चार पैसे खर्चिले कीं लगेच जमाखर्चाची वही उघडतों.

उपयोगाचेंच माप लावावयाचें तर इतिहासही आमच्या बाजूस आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हम्फ्री डेव्ही यानें कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें प्रज्योत पेटवून दाखविली, तेव्हां ती बघ्यांच्या कौतुकाची वस्तु होती. १८७८ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळीं याब्लोच्कोव्हच्या प्रज्योतदिव्यांनीं तेथला एक राजमार्ग उजळला; पुढें दीपगृहांत, युद्धांतल्या शोधदिव्यांत आणि सिनेमाच्या प्रक्षेपकांत प्रज्योतच जळत राहिली. झेनॉनचीही तीच कथा. रॅम्झे व ट्रॅव्हर्स यांनीं १८९८ सालीं तो हुडकला आणि ग्रीक भाषेंत ‘परका’ या अर्थाचें नांव त्यास दिलें. हवेच्या एक कोटी भागांत ज्याचा एक भागही भरत नाहीं, अशा वायूचा उपयोग त्या दिवशीं कोणास सांगतां आला असता? परंतु या मार्गानें आम्ही फार पुढें जाऊं इच्छीत नाहीं. उद्यां उपयोग होईल म्हणून आजचा नाद क्षम्य, असें म्हणणें म्हणजे प्रतिपक्षाचेंच माप मान्य करणें होय. चिरंजिवांच्या बत्तीचा कधींही कांहींही उपयोग होणार नाहीं, असें आम्ही धरून चालतों आणि तरीही तिची बाजू घेतों. जगांतल्या एका वस्तूकडे लोभावांचून, परीक्षेच्या गुणांवांचून, कोणी न सांगतां लक्ष देणें, हाच तिचा लाभ. चिरंजिवांनीं या बत्तीपायीं प्रकाशशास्त्राचे जे ग्रंथ वाचले, ते महाविद्यालयांत असतांना उघडलेही नव्हते, असें त्यांनींच आम्हांस सांगितलें.

दुसरा आक्षेप चिरंजिवांच्याच समवयस्कांचा आहे. ते म्हणतात, प्रज्योतीचा काळ संपला. निळ्या एलईडीसाठीं अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां अठरा एलईडी एकत्र बसवून एक लाख ल्यूमेनची विजेरी विकत मिळते. मग हें जड, ठिसूळ आणि तापायला वेळ घेणारें धूड कशाला?

या आक्षेपांत एक घोटाळा आहे आणि एक सत्य आहे. घोटाळा असा कीं, ल्यूमेन हें एकूण प्रकाशाचें माप आहे. प्रकाश किती दूर पोंचेल, हें त्यावरून कळत नाहीं. हंडाभर पाणी अंगणांत ओतलें तर अंगण भिजतें. तेंच पिचकारींतून सोडलें तर शेजारच्या माडीवर पोंचतें. दूर पोंचण्यास उगमाची प्रखरता लागते आणि आरशाची रुंदी लागते. प्रज्योतीचा उगम तांदळाच्या दाण्याएवढा. त्यामुळें आरसा तिचा प्रकाश गोळा करून एकाच दिशेस पाठवूं शकतो. या तीव्रतेचें माप कॅन्डेला. २००९ सालीं अमेरिकेंत विजेऱ्यांसाठीं जें प्रमाण ठरलें, त्याप्रमाणें पुनवेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, उजेड ज्या अंतरावर पडतो, तेथपर्यंत झोत पोंचला असें मानतात. एक किलोमीटर पोंचण्यास अडीच लाख कॅन्डेला लागतात. दोन किलोमीटरांस पांच लाख पुरत नाहींत, दहा लाख लागतात. अंतर दुप्पट, तर तीव्रता चौपट! हा हिशेब ज्यास ठाऊक आहे, तो खोक्यावर छापलेल्या कोटि-कोटि मेणबत्त्यांच्या शक्तीस भुलत नाहीं. आणि ती एक लाख ल्यूमेनची विजेरी उष्णता सोसवेनाशी होऊन थोड्याच वेळांत आपण होऊन मंदावते, हेंही जाहिरातींत ठळक अक्षरांत नसतें.

सत्य असें कीं, एलईडीही आतां प्रखर झाले आहेत, आणि निळा लेसर स्फुरद्रव्यावर पाडून प्रकाश काढणाऱ्या नव्या विजेऱ्या मुठींत मावून ३५ वॉटच्या प्रज्योतबत्तीस मागें टाकतात. हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण त्यावरून चिरंजीव वेडे कसे ठरतात? इलेक्ट्रॉनिक तंबोरा कधीं उतरत नाहीं. म्हणून खऱ्या तंबोऱ्याची जवारी लावीत बसणाऱ्यास आपण वेडा म्हणत नाहीं. प्रज्योतीचें पेटणें हा प्रसंग असतो. ती घाईनें पेटवितां-विझवितां येत नाहीं, कारण तशानें तिचें आयुष्य सरतें. ती पेटवावयाची तर आधीं कोठें, कशासाठीं आणि किती वेळ, याचा विचार करावा लागतो. ज्या युगांत प्रत्येक वस्तु बोट लावतांच हुकमाची ताबेदार होते, त्या युगांत अशी एक हट्टी वस्तु तरुणांच्या हातीं असणें आम्हांस वाईट वाटत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांविषयीं आमच्या मनांत आदर आहे. अंधार हीही एक संपत्ति आहे, ती अगोदरच लुटली जात आहे, आणि हे शौकीन त्या लुटींत भर घालतात, असें त्यांचें म्हणणें. वेळासच्या किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेलीं कासवाचीं पिल्लें कृत्रिम उजेडामुळें समुद्राची वाट चुकूं शकतात. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरांत जे काजवे लुकलुकतात, त्यांचें प्रियाराधनच प्रकाशाच्या भाषेंत चालतें. तेथें झोत टाकणें म्हणजे कोणाचें बोलणें आरडाओरड करून बुजविणें होय. महाराष्ट्रांतल्या पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं भारतांतलें पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेथें असली बत्ती नेणारा मनुष्य आमच्या लेखीं गुन्हेगारच. कोणाच्या खिडकींत, वाहन हांकणाऱ्याच्या वा वैमानिकाच्या डोळ्यांत, किंवा झोपलेल्या पांखरांवर झोत मारणाऱ्याचीही आम्ही यत्किंचित् गय करणार नाहीं. कुपींतला दाब, तिच्यांतून निघणारे अतिनील किरण आणि पेटण्याच्या वेळचा व्होल्टांचा तडाखा यांची माहिती नसतांना बत्ती उघडून बसणें हा शुद्ध मूर्खपणा. आणि ज्या जुन्या दिव्यांत पारा असतो, ते केरांत फेकणें हा शेजाऱ्यांशीं केलेला अपराध.

एवढें सगळें मान्य करूनही आम्ही विचारतों कीं, अंधार लुटला कोणीं? चिरंजिवांची बत्ती त्या रात्रीं मोजून दोन मिनिटें जळली. तिचा झोत एका झाडापुरता होता आणि तिला विझविण्याची कळ होती. आमच्या गांवांतले जाहिरातींचे फलक सबंध रात्र जळतात. रस्त्याचे दिवे वरून झांकलेले नसल्यामुळें रस्त्याइतकेंच आभाळही उजळतात. नव्या इमारतींवरची रोषणाई कोणासाठीं असते, तें ती करणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर लेसरच्या झोतांनीं दृष्टीस इजा झालेले तरुण नाशिकच्या नेत्रवैद्यांकडे गेले. हे सर्व उजेड उपयोगाच्या, व्यापाराच्या किंवा उत्सवाच्या नांवाखालीं निर्वेध चालतात. आणि दोन मिनिटें बत्ती पेटवून पाव तास अंधार पाहणाऱ्या मुलास मात्र आपण उधळ्या म्हणतों! अंधाराची किंमत कळावयाची असेल तर ती उजेड मोजणाऱ्यासच प्रथम कळेल. ज्याच्या घरीं रात्र कधीं होतच नाहीं, त्यास तिच्या रक्षणाची कळकळ कोठून येणार?

शौकिनांसही आमचें एक सांगणें आहे. तुमच्यांतले पुष्कळजण बत्तीपेक्षां आंकड्यांवर अधिक प्रेम करतात. माझे लाख, तुझे दोन लाख, अशी ही चढाओढ व्यापाऱ्यांच्याच पथ्यावर पडते. ज्याच्याजवळ आठ बत्त्या आहेत, पण ज्यानें एकही रात्र नीट पाहिली नाहीं, त्याच्या वतीनें आम्हीं हा लेख लिहिलेला नाहीं.

राहतां राहिले आमचे स्नेही. ते सज्जन आहेत, मुलावर त्यांची माया आहे, आणि पैसा त्यांनीं कष्टानें मिळविलेला आहे, हें आम्ही जाणतों. त्यांस आमची भीति एवढीच सांगावयाची आहे: ज्या घरांत प्रत्येक वस्तूला आधीं आपला उपयोग सिद्ध करावा लागतो, त्या घरांतलीं मुलें आपला नाद आईबापांपासून लपविण्यास शिकतात; आणि एकदां तें लपविणें अंगवळणीं पडलें, म्हणजे मग पुष्कळच गोष्टी घरांत बोलल्या जात नाहींत. चिरंजिवांनीं ती बत्ती लपविली नाहीं. मेजावर, सर्वांच्या देखत ठेवली. “गच्चीवर चला, बाबा,” असें ते त्या रात्रीं दोनदां म्हणाले. तें आमंत्रण अद्याप उभें आहे. स्नेह्यांनीं एकदां तरी जिना चढावा. उपयोग विचारावयाचाच असेल, तर तो खालीं उतरल्यावर विचारावा.