बुद्धाला देव्हाऱ्यातून खाली घ्या



आमच्या गावाच्या नावातच देवी बसलीय. कवठे म्हटलं की येमाई मागून येतेच. नावाशी माझं भांडण नाही. भांडण आहे आपल्याशीच. येमाईचा नवस सोडला म्हणून छाती काढून फिरणारे आपण, आणि देव्हाऱ्यात तिच्या जागी बुद्ध ठेवून त्याच्याकडं नोकरी मागणारेही आपणच. अगरबत्ती तीच, मागणं तेच. फोटो तेवढा बदलला. ह्याला धम्म म्हणायचं?

मग धम्म म्हणजे काय? वस्तीतल्या एखाद्या पोरानं विचारलं तर किती जणांना सांगता येईल? कामगाराच्या भाषेत सांगतो.

अडीच हजार वर्षांमागं शाक्यांच्या गणात सिद्धार्थ गौतम जन्मला. लुंबिनीला, आजच्या नेपाळात. माणसाच्या पोटी जन्मला, माणूस म्हणून मेला. म्हातारा, रोगी, प्रेत बघून त्यानं घर सोडलं असं परंपरा सांगते. बाबासाहेबांना हे पटलं नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा बघितलाच नव्हता? त्यांच्या मागं १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. शाक्य आणि कोलीय पाण्यावरून लढाईला उठले, सिद्धार्थानं लढाईला विरोध केला आणि त्यापायी घर सोडलं. पाण्याचं भांडण काय असतं, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यापायी मार खाल्लेल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

बोधगयेला त्याला देव सापडला नाही. कारण सापडलं. जे घडतं ते कारणानं घडतं; कारण काढलं की परिणाम जातो. साच्यावर धागा तुटला तर आपण नवस बोलतो का? ताण बघतो, कांडी बघतो, हवेतली ओल बघतो. प्रतीत्यसमुत्पाद हे दात मोडणारं नाव आहे ना, त्याचं मूळ इतकं साधं आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते संपतं, संपवायची वाट आहे. वाट आठ पदरांची: दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, उपजीविका, प्रयत्न, स्मृती, समाधी. सगळं सम्यक, म्हणजे नीट.

आणि ऐका, ही चार आर्यसत्यं मूळची बुद्धाची की भिक्खूंनी मागून घातलेली, असा प्रश्न खुद्द बाबासाहेबांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत टाकलाय. दीक्षा घेणारा माणूस प्रश्न विचारत आत येतो! कालामांना बुद्धानं तेच सांगितलं होतं. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू बोलला म्हणून मानू नका, पारखून घ्या.

तो म्हणाला, कायम असं काही नाही, अमर आत्मा नाही. मग मागच्या जन्मीच्या पापानं ह्या जन्मी महार, हा हिशेब कुठल्या वहीत मांडणार? ती वहीच बाबासाहेबांनी फाडली. संघात उपाली न्हावी आला, तो विनयाचा जाणकार झाला. कचरा झाडणारा सुनीत आला. महाप्रजापती गौतमीबरोबर बाया आल्या.

हे लांबचं वाटतं? मग आपल्याच जिल्ह्यात जुन्नरला जा. गावाभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. तिथल्या दानलेखांत बुरूडकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, यवनही आहेत. कार्ल्याच्या लेखात सामी नावाचा सुतार आहे, त्यानं दार केलं. हातानं काम करणाऱ्यांचा धर्म होता हा! आज लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज गणपती बसलाय. कार्ल्याच्या चैत्यापुढं एकवीरा उभी आहे. आपण ओरडतो, आमच्या विहारात देव घुसवला. खरंच आहे. पण त्यांनी विहारात देव बसवला. आपण तर बुद्धातच देव बसवला. जास्त नुकसान कुणी केलं, बोला!

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मग लाखोंना स्वतः दिली, बावीस प्रतिज्ञांसकट. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे खोटं, अशी त्यातली पाचवी. आपण अवताराची कटकटच ठेवली नाही. थेट देव केला, मोकळे झालो.

पंचशील पोपटासारखं सगळ्यांना पाठ. जीव घेऊ नको, चोरी करू नको, व्यभिचार करू नको, खोटं बोलू नको, दारू पिऊ नको. आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पाचवं शील कुठल्या गटारात पडलेलं असतं? पोरीचं लग्न बौद्ध पद्धतीनं, पांढरी साडी, त्रिसरण, सगळं रीतसर. आणि सोयरीक जुळवताना पोटजात विचारायची! एक जानेवारीला आपल्याच जिल्ह्यात कोरेगावच्या स्तंभापुढं आपण शूर असतो. बाबासाहेब तिथं १९२७ साली येऊन गेले. आपण दोन जानेवारीला कोण असतो?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध लिहिले गेले, देशातल्या चार बौद्धांतले तीन इथले. तरी किती घरं अजून 'हिंदू' लिहितात, सवलत जाईल ह्या धाकानं! अरे, राज्यानं १९६० सालीच सवलती दिल्या, १९९० साली केंद्रानंही बौद्धांना अनुसूचित जातीत धरलं. धाक कागदाचा नाही, तो हाडात मुरलाय. म्हणून तर धम्म आधी वागण्यात पायजे, मग कागदावर.

वंदना सोडा असं मी म्हणत नाही. पौर्णिमेला जमा, वर्षावासात ग्रंथाचं वाचन लावा. मूर्ती असू द्या, वंदन करा, पण मागणं मागू नका. तो आपला मास्तर आहे, मालक नाही. वाचन झालं की दर पौर्णिमेला एकानं तरी उभं राहून प्रश्न विचारला पायजे, आणि भन्तेजींनी, म्हाताऱ्यांनी तो ऐकून घेतला पायजे. ज्या विहारात प्रश्न विचारायची चोरी, ते देऊळच. मग आत मूर्ती कुणाचीही असो.