रुग्णनोंदींचा डेटाबेस कोणाच्या भरवशावर?

रक्तातली साखर ३०० भरली आणि संगणकात १२७ अशी नोंद झाली, तर? उदाहरण कल्पित असले तरी असे घडणे अगदी शक्य होते. ‘मायएसक्यूएल’ या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये पूर्णांकांसाठी सर्वात लहान रकाना निवडला, तर त्यात १२७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीत असा आकडा नाकारत नसत. तो छाटून १२७ करत, एक इशारा नोंदवत आणि पुढे जात. तो इशारा वाचायला रुग्णालयात सवड कोणाला? ही ढिलाई मूळ मांडणीतून गेली ती २०१५ च्या ५.७ या आवृत्तीत. ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ अशी नोंद सरळ नाकारते.

आरोग्यसेवेत दोन्हींचा वापर आहे. रुग्णनोंदींची ‘ओपनएमआरएस’ प्रणाली मायएसक्यूएलवर उभी राहिली, तर आरोग्य आकडेवारीची ‘डीएचआयएस २’ पोस्टग्रेवर. दोन्ही फुकट मिळतात, म्हणून निवडीची चर्चा वेगावर येऊन थांबते. ओपीडीत दिवसाला काहीशे रुग्ण येणाऱ्या रुग्णालयाला वेगाचा फरक जाणवतसुद्धा नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: चूक सापडली तर ती कोण दुरुस्त करणार, आणि किती उघडपणे?

मायएसक्यूएलची कंपनी २००८ मध्ये ‘सन’ने घेतली आणि २०१० मध्ये सनसह ती ‘ओरॅकल’कडे गेली. मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी त्याआधीच वेगळी चूल मांडली होती, ती ‘मारियाडीबी’. (एकीला थोरल्या मुलीचे नाव, दुसरीला धाकटीचे.) पोस्टग्रेवर कुणा एका कंपनीची मालकी नाही, प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षे सांभाळली जाते.

या समुदायाची परीक्षा २०१८ मध्ये झाली. माहिती डिस्कवर खरोखर लिहिली गेली का, हे विचारणारी लिनक्सची आज्ञा एकदा अपयशी ठरल्यावर पुन्हा दिली, तर ‘झाले’ असे खोटेच उत्तर येऊ शकते, हे ध्यानात आले. म्हणजे वर्षानुवर्षांचे एक गृहीतकच चुकीचे निघाले. ही चर्चा चारचौघांत झाली, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये दुरुस्त आवृत्त्या आल्या. अशा अपयशानंतर आता डेटाबेस थांबतो आणि आपल्या नोंदवहीवरून स्वतःला सावरतो. आपली चूक अशी चव्हाट्यावर मांडणाऱ्यांवर रुग्णाच्या नोंदी सोपवणे अधिक सुरक्षित.

मात्र तालुक्याच्या गावी मायएसक्यूएल जाणणारा तंत्रज्ञ सहज मिळतो, पोस्टग्रेचा शोधावा लागतो. हाही आधारच आहे आणि तो कमी लेखू नये. म्हणून नवी प्रणाली उभारायची असेल, तर पोस्टग्रे घ्यावा आणि एका माणसाच्या प्रशिक्षणाचा खर्च निविदेतच धरावा. मायएसक्यूएल नीट चालत असेल, तर स्थलांतराच्या फंदात पडू नये, पण ५.७ आवृत्तीचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे, तेव्हा ती तरी बदलावी. जुन्या मांडणीतल्या ‘यूटीएफ ८’ मध्ये देवनागरी मावते, मोडी अक्षरे मात्र मावत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि डेटाबेस कोणताही असो, बॅकअपची फाइल एखाद्या रिकाम्या संगणकावर उतरवून कालचे केसपेपर उघडतात का, हे महिन्यातून एकदा पाहावे. निविदेत हे काम कोणाच्या नावावर आहे, ते आधी तपासावे. बहुतेकदा ते कोणाच्याच नावावर नसते.